सत्तावीस गळ्यांची पट्टी

सन्माननीय अध्यक्षमहाराज, म्हणजे आपल्या वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांनी बावीस वर्षं वरचा हॉल आम्हांला तालमीला दिला आणि बावीस वर्षं खालून छताला काठी ठोकून "हळू!" असंही सांगितलं, व्यासपीठावर बसलेल्या रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरबाई, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, समूहगायन मंडळाचे माझे सव्वीस सोबती, आणि समोर बसलेल्या रसिक बंधुभगिनींनो, तसंच शेवटच्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्च्या अगोदरच धरून ठेवणाऱ्या चाणाक्ष मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी सुतार. भाषण हा माझा धंदा नाही. माझ्या धंद्यात दोनदा मोजायचं आणि एकदा कापायचं असतं. भाषणात, मी बघतो, न मोजताच कापतात. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ते घड्याळाकडे बघायला लागले की मला दिसणार आहे, पण मी दुर्लक्ष करणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

टेबलावर हा जो चषक ठेवलाय, तो गेल्या रविवारी आपण जिंकला. पहिला क्रमांक! सहा वर्षं ओळीने आपण दुसरे आलो होतो. सहा वर्षं! दुसऱ्या क्रमांकाचे चषक ठेवायला मीच वाचनालयात फळी ठोकली होती, ती भरली. हा चषक मात्र फळीवर जाणार नाही, तो इथे मधोमध राहणार. त्याची बैठक जरा डुगडुगत होती, ती मी काल चिकटवली आहे. उचलून बघितलात तरी हरकत नाही, पण कडेला धरा, अजून ओली असेल.

आता लोक विचारतात, यंदा असं काय केलंत? नवीन गाणं घेतलंत? नाही. तेच गाणं. नवीन माणसं घेतलीत? तीच माणसं, वर एकेक वर्षाने म्हातारी झालेली. मग? तर मंडळी, आम्ही पट्टी बदलली. हे ऐकायला फार साधं वाटतं. ते तसं नव्हतं, आणि त्यात सगळ्यांत आडवा आलेला माणूस आज तुमच्यापुढे माइक धरून उभा आहे.

थांबा, आधी बाईंबद्दल बोलू द्या. नाहीतर मी माझीच रड सांगत बसेन.

बावीस वर्षांपूर्वी बाईंनी वाचनालयाच्या फलकावर कागद लावला: "गाणं येत नसलं तरी चालेल, यावंसं वाटलं पाहिजे." पहिल्या दिवशी चौदा जण आलो. बाई पेटीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "आपली पट्टी काळी चार." बस्स. एवढंच बोलल्या आणि आम्ही चौदा जण एकमेकांकडे बघायला लागलो.

आता ज्यांना गाण्यातलं कळतं ते हसले. पेटीच्या ज्या सुराला आपण 'सा' धरतो, ती गाण्याची पट्टी. पण आम्हांला कुठे ठाऊक? आमचे टेलर मास्तर हळूच म्हणाले, "चार इंच? फार रुंद होईल." गणिताच्या सरांनी खिशातून सहा इंची पट्टी काढून समोर ठेवली, काही आखायचंय असं समजून. आणि नगरपालिकेच्या खिडकीवरचे आमचे साहेब, घरपट्टीवाले, ते ताडकन उठले आणि म्हणाले, "ती मार्चअखेर भरायची असते, इथे नाही."

बाई हसल्या नाहीत. दुसरी कुणी असती तर शिकवायला लागली असती, काळी म्हणजे काय, पांढरी म्हणजे काय. बाईंनी पेटी मिटली आणि विचारलं, "तुम्ही सगळे दिवसभर असता कुठे?"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या एकेकाच्या कामावर आल्या!

ही बाईंची रीत. अशी रीत मी दुसऱ्या कुठल्या गायनमास्तरांची ऐकली नाही. माणसाचा गळा बाई तालमीत तपासत नाहीत. त्या म्हणतात, पेटीपुढे उभा केलेला माणूस खोटा आवाज काढतो. कामात असलेला माणूस, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं समजून, जी हाक मारतो तो त्याचा खरा आवाज. म्हणून त्या यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, आणि पर्समधून ती गोल शिट्टी काढायच्या. बारा भोकांची, हातात मावेल एवढी. प्रत्येक भोकाचा एक सूर. तुम्ही ओरडलात की त्या हळूच फुंकून बघायच्या, जुळला की वहीत लिहायच्या.

माझ्या कारखान्यात आल्या तेव्हा मी आणि माझा भाऊ आठ फुटी फळी यंत्रावर चढवत होतो. मी बोंबललो, "धर! धर! सोडू नको!" मागून शिट्टी वाजली. मला वाटलं यंत्रच बिघडलं. वळून बघतो तर बाई लाकडाच्या ढिगावर बसलेल्या, केसांत भुसा, आणि लिहिताहेत. ती वही आज इथे आहे, मी वाचून दाखवतो. "सुतार. धर, सोडू नको. काळी दोन." आणि शेजारी आणखी एक रकाना: "यांच्याकडे पट्टी म्हणजे काय."

कारण बाई प्रत्येकाला तेही विचारायच्या. मी त्यांना दाखवलं. प्लायवूडची कड उघडी असते, थरथर दिसतात, हात लागला तर कुसळ जातं. त्या कडेला आम्ही लाकडाची बारीक पट्टी लावतो. ती लावली की टेबल टेबलासारखं दिसतं. नाही लावली तर काय चालत नाही? चालतं. पण घरातला प्रत्येक माणूस हात जपून ठेवतो.

टेलर मास्तरांच्या पुढे वहीत आहे: "हात खाली सोडा. पांढरी दोन. पट्टी: सदऱ्याच्या पुढची, जिच्यावर काजं आणि बटणं. सगळं अंग या एका पट्टीवर मिटतं." गणिताच्या सरांपुढे: "मागचा बाक! पांढरी तीन. पट्टी: आखायची. सर म्हणतात आता फक्त आखायचीच." सर, खाली बघू नका, तुमच्या हातचा प्रसाद खाल्लेले निदान दहा जण या हॉलमध्ये आहेत आणि ते टाळ्या वाजवताहेत. नगरपालिकेच्या साहेबांपुढे: "पुढचे या. काळी एक. पट्टी: लोकांना न आवडणारी. साहेबांनाही आवडत नाही, पण त्याच पट्टीतून रस्त्यावरचे दिवे लागतात असं त्यांनी तीनदा सांगितलं." आमच्यात एक ताई आहेत, त्या घरीच असतात. त्यांच्यापुढे: "अरे, पांघरूण घे. पांढरी पाच. पट्टी: तापात कपाळावर ठेवायची, ओली. उलटवत राहावं लागतं."

बघा, एकच शब्द. कुणाच्या हातात तो लाकडाचा, कुणाच्या कापडाचा, कुणाच्या पावतीचा. आम्ही चहा पिताना यावर भांडायचोसुद्धा, खरी पट्टी कुणाची म्हणून. टेलर मास्तर आणि मी तर बावीस वर्षं भांडतोय. ते म्हणतात माझी पट्टी उसवली तर अब्रू जाते, मी म्हणतो माझी निघाली तर बोट कापतं.

आणि वहीत पाचव्या ओळीवर आहेत आमच्या सिस्टर. रुग्णालयाच्या मलमपट्टीच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं. "झालं, झालं, एवढंच. काळी चार." त्यांचा गळा नेमका काळी चारचा निघाला, म्हणून मंडळाची पट्टी काळी चारच राहिली. आपल्या गाण्याची पहिली ओळ त्या एकट्या गातात, "दार उघडा, उजेड आला". आणि मधे ती वरची ओळ आहे, "हाक द्या रे, हाक द्या", तिथे आम्ही सगळे त्यांच्या मागून चढतो. चढतो म्हणजे, चढत होतो असं आम्हांला वाटत होतं. त्यावर येतो.

अध्यक्षमहाराज, पाच मिनिटं झाली. मला माहीत आहे.

गेल्या वर्षी सिस्टरच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई इथे बसल्या आहेत, त्यांच्याच हातचं, आणि उत्तम झालं, जीव वाचला. पण आवाज बदलला. खाली आला, थोडा खरखरीत झाला. बोला, गा, पण वर चढू नका, असं सांगितलं गेलं. एका संध्याकाळी सिस्टर तालमीला आल्या, गाण्यांची फाईल पेटीवर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, माझी पट्टी गेली." एवढं बोलून जिना उतरल्या. चहासुद्धा घेतला नाही. सगळ्यांसाठी चहाचे कप बावीस वर्षं त्याच मांडत होत्या.

मंडळी, आता जे सांगतो ते सांगायला मी हे भाषण मागून घेतलं. कार्यकारिणीने सरांचं नाव ठरवलं होतं, मी सरांच्या पाया पडून घेतलं.

त्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. प्रश्न एकच, सिस्टर पुन्हा गाणार का? बाई म्हणाल्या, "पट्टी खाली आणून बघू." आणि मी उठलो. मी म्हणालो, पट्टी खाली आणली की गाण्याची चमक जाते. सहा वर्षं दुसरे आलो ते चमकीवर, आता तिसरे येऊ. मी म्हणालो, सिस्टरना आता विश्रांती द्यावी, सन्मानाने. माणसाला काढून टाकायचं असलं की 'विश्रांती' हा शब्द फार कामाला येतो, नाही का? आणि पहिली ओळ, मी म्हणालो, माझी सून गाईल. तिचा गळा काळी चारचा आहे, तरुण आहे, तयार आहे.

सून खरंच चांगली गाते. समोर बसली आहे, मान खाली घालून. पण तिला न विचारता मी तिचं नाव टाकलं होतं. आणि पोटात काय होतं ते सांगतो. घरच्या माणसाने पहिली ओळ गावी, लोकांनी म्हणावं, सुताराची सून बरं का! एवढीच माझी कळकळ होती. तिला मी चमक म्हणत होतो.

बाईंनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. गुरुवारी सगळे या."

गुरुवारी सिस्टर सोडून सव्वीस जण उभे राहिलो. सुनेने पहिली ओळ गायली, छान गायली. गाणं पुढे गेलं. आणि आली ती वरची ओळ. "हाक द्या रे, हाक द्या..."

काय झालं सांगू? शांतता! सव्वीस तोंडं उघडी, आ वासलेली, आणि आवाज फक्त तीन पोरींचा. माझी सून आणि तिच्या शेजारच्या दोघी. तीन बारीक आवाज एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, भेदरलेले. त्या दिवशी खालून काठीसुद्धा ठोकली गेली नाही. नंतर कळलं, अध्यक्षांना वाटलं वीज गेली आणि आम्ही घरी गेलो.

बाईंनी पेटी थांबवली. "या ओळीला कोण कोण नुसते ओठ हलवतं? हात वर करा."

आम्ही एकमेकांच्या पायांकडे बघायला लागलो. मग घरपट्टीवाल्या साहेबांनी हात वर केला. लोकांकडून वसूल करणारा माणूस, पण स्वतःचं देणं आधी कबूल केलं त्यांनी. मग टेलर मास्तर. मग गणिताचे सर, कानापर्यंत लाल. एकेक करत तेवीस हात वर! आणि तेविसावा हात माझा होता. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी त्या ओळीला मासा पाण्यात करतो तसं तोंड उघडत-मिटत होतो. वय झालं, गळा खाली आला, वर जाईना, सांगायची लाज वाटली. मनात म्हणायचो, एका सुतारावाचून काय अडतंय, बाकीचे सव्वीस गाताहेतच. आणि बाकीचेही तेच म्हणत होते! एकटी सिस्टर आम्हां सगळ्यांना पाठीवर घेऊन ती ओळ चढत होती. आणि त्यांना विश्रांती द्या म्हणून कोण उठलं होतं? हा पठ्ठ्या!

मला वाटलं बाई आता पेटी उचलून घरी जाणार. त्या उलट स्वतःवरच चिडल्या. "मास्तर," त्यांनी टेलर मास्तरांना विचारलं, "बावीस वर्षांपूर्वी घेतलेल्या मापावर आज कुणाचा सदरा बेताल का?"

मास्तर म्हणाले, "गिऱ्हाईक मारेल मला."

"मग मला का नाही मारलंत?" बाई म्हणाल्या. "मी एकदाच माप घेतलं आणि वही मिटून ठेवली. चूक माझी आहे." मग माझ्याकडे वळल्या. "सुतार, उद्या माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

"तुमच्या अंगठ्याला चिंधी बांधली आहे, ती दाखवायला."

अंगठ्यात खरंच चार दिवसांपूर्वी पटाशी घुसली होती. मी आपला घरचाच कपडा गुंडाळून हिंडत होतो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला?

तर रुग्णालयाची ती खोली. तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असाल. हिरवा रंग, एक बाकडं, एक पांढरं टेबल, खिडकीत औषधाच्या बाटल्या. बाई आणि मी बाकावर बसलो. आमच्या पुढे एक गाडीवान, पाय सोलवटलेला. जुनी पट्टी जखमेला चिकटली होती. सिस्टरनी ती ओढली नाही. पाणी घालत, भिजवत, एकेक पदर सोडवला. आणि तोंडाने म्हणत होत्या, "झालं, झालं, एवढंच." तेच शब्द, पण आवाज वेगळा. खालचा, जरा जाड. गाडीवानाने दाबलेले दात मोकळे सोडले. माझ्या शेजारी बारीक शिट्टी वाजली. बाईंनी पदराआड दोन-तीन भोकं फुंकून बघितली आणि वहीत जुनं खोडून लिहिलं. मी वाकून बघितलं, पांढरी चार. पूर्वीपेक्षा तीन सूर खाली.

मग माझा नंबर. सिस्टरनी माझा अंगठा हातात घेतला, त्या चिंधीकडे बघितलं आणि फक्त "अगं बाई!" म्हणाल्या. मी म्हणालो, "सिस्टर, चांगली मोठी पट्टी लावा, मला काम करायचंय." त्या म्हणाल्या, "आधी जखम बघू दे, सुतारकाका, मग पट्टी कापते. आधीच कापून ठेवलेली पट्टी कुणाला बसत नाही."

मला राहवलं नाही. बाई बसल्या होत्या, बाकावर चार माणसं होती, तरी मी बोललो. "सिस्टर, मी तुम्हांला मंडळातून काढायला निघालो होतो."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "हात हलवू नका."

एवढंच! त्यांनी पट्टी बांधली, गाठ मारली, कडेचा दोरा कापला. मी एवढा मोठा माणूस, डोळे भरून आले माझे, आणि त्यांनी विचारलं, "दुखतंय का हो?" मी म्हणालो, हो.

बाहेर पडताना बाई दारातून म्हणाल्या, "सिस्टर, गुरुवारी या. चहाचे कप कुणाला सापडत नाहीयेत."

मग सुरू झाली बाईंची दुसरी फेरी. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, आणि पाच आठवडे त्या पुन्हा एकेकाच्या कामावर. वही आणि पिशवी घेऊन मी मागे. टेलर मास्तर, शाळा, नगरपालिकेचा जिना, सगळं. सगळ्यांचे गळे खाली आलेले. कुणाचे एक सूर, कुणाचे चार. फक्त त्या तीन पोरींचे तिथेच. सगळ्या सत्तावीस जणांना एकत्र पेलेल अशी पट्टी बाईंनी शोधली आणि ती निघाली पांढरी चार. सिस्टरची.

सरांनी शंका काढली, "गाणं बसल्यासारखं नाही का वाटणार?" बाई म्हणाल्या, "सर, आजवर तुम्ही गातच नव्हता. आधी गा, मग बसलंय की उभं आहे ते बघू."

अडचण होती ती तीन पोरींची, त्यांना खालचे सूर लागेनात. मी घरी सुनेला म्हणालो, बाळ, तुला जमेल ना? त्यावर ती काय म्हणाली ऐका. "बाबा, मला खाली जाता येईल. तुम्हांलाच कधी वर येता आलं नाही." घ्या! घरात वाद घालायची सोय उरली नाही. आणि पहिल्या ओळीबद्दल ती म्हणाली, "ती माझी नव्हतीच. तुम्ही मला विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं."

आणि उजाडला गेला रविवार. अकरा मंडळं, आपला क्रमांक नववा. आम्ही पांढरी चार घेतली म्हटल्यावर समोरच्या रांगेत कुजबुज झाली, मी ऐकली. गेल्या सहा वर्षांत पहिला क्रमांक नेणारे बसले होते तिथे, ते एकमेकांना कोपराने ढोसत होते. सिस्टर पुढे आल्या. गळ्यावरचा व्रण दिसत होता, त्यांनी तो झाकला नव्हता.

"दार उघडा, उजेड आला."

मी काय सांगू तुम्हांला! तो पूर्वीचा चांदीसारखा आवाज नव्हता. पण त्या आवाजात माणूस होता. वेदनेने कळवळणाऱ्या हजार माणसांना 'झालं, झालं' म्हणून धीर दिलेला आवाज तो. समोरची कोपरं थांबली. आणि मग आली ती ओळ. "हाक द्या रे, हाक द्या!" आणि सत्तावीसच्या सत्तावीस जणांनी हाक दिली! छत उडायचं बाकी राहिलं. मला माझा आवाज ऐकू आला, अकरा वर्षांनी. शेजारी टेलर मास्तर उभे, त्यांनी गाता गाता दचकून माझ्याकडे बघितलं, हा कोण गातोय म्हणून!

परीक्षक बाहेर येऊन बाईंना काय म्हणाले माहीत आहे? "अभिनंदन. पण एक सांगा, एका वर्षात एवढी माणसं कुठून आणलीत? गेल्या वेळी निम्मीच होतात ना?"

बाई म्हणाल्या, "होती इथेच. येत नव्हती."

वाजवा, वाजवा टाळ्या, मी थांबतो. अध्यक्षमहाराजांनीही वाजवल्या, म्हणजे मला अजून पाच मिनिटं मिळाली.

आता शेवटचं. उद्या सकाळी बाई मुलीकडे राहायला निघाल्या. लेक कधीची बोलावते आहे, गुडघे जिने मोजायला लागलेत, जायलाच हवं. मंडळ आता सिस्टर चालवणार आणि ही वही बाईंनी आधीच त्यांच्याकडे सोपवली आहे. पण बाई, जाण्याआधी एक हिशोब राहिला आहे. तुम्ही रागवाल. रागवा.

चार दिवसांपूर्वी मी बाईंच्या घरी पेटीसाठी लाकडी खोका करायला गेलो होतो. बाई आत, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी बाहेरच्या खोलीत खिळे मारत होतो. मधे थांबलो, आणि ऐकलं तर बाई गात होत्या. आपलं गाणं, पहिल्या ओळीपासून. खूप खाली, संथ, एकटीच. "हाक द्या रे" आली, तीही गायल्या, पूर्ण गळ्याने. मी हातोडी धरून तसाच बसलो. बावीस वर्षांत मी बाईंना गाताना ऐकलंच नव्हतं! तालमीत त्या पेटीवर असत, आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून शब्द पकडत असू. शब्द दिसायचे. आवाज? आठवा बरं मंडळी, कुणी ऐकलाय? बाई आमच्यासाठी काळी चार वाजवत होत्या आणि स्वतः ओठ हलवत होत्या. तेवीस नव्हे, चोविसावा हात तुमचा होता, बाई, तो तुम्ही वर केला नाहीत.

एवढ्यात त्यांनी गॅलरीतून शेजारणीला हाक मारली. आणि माझ्या खिशात, आता कशी आली ते विचारू नका, ती शिट्टी होती. चोरी आहे, कबूल आहे. मी एकेक भोक फुंकून बघितलं. ती लगेच सिस्टरकडे नेऊन दिली आणि सांगितलं. सिस्टरनी वही उघडली. सत्तावीस ओळी भरलेल्या, अठ्ठाविसावी कोरी. आज ती कोरी नाही. वाचतो. "बाई. अहो, किल्ली घेऊन ठेवा. काळी एक. यांच्याकडे पट्टी म्हणजे काय: दुसऱ्याची."

बाई, चष्मा पुसून घ्या, घाई नाही.

तर रसिकहो, समारोपाला आपलं गाणं आहे आणि ते काळी एकमध्ये आहे. आम्हां पुरुषांना सोपं जाईल. सिस्टरना आणि ताईंना बरंच खाली जावं लागेल, त्या तीन पोरी तर चार दिवस खालचे सूर घोटताहेत. एखादी ओळ मागच्या रांगेपर्यंत पोचणारही नाही. पेटी सर वाजवतील, त्यांनी रीतसर पट्टी आखून सराव केला आहे.

वाचनालयाचे आभार, छताचे आभार. डॉक्टरबाईंचे आभार, त्यांनी आमच्या सिस्टर आम्हांला परत दिल्या. सुनेचे आभार, घरी जाऊन वेगळे मानीन. सिस्टर, तुमचे आभार मानायची माझी लायकी नाही, अंगठा बरा झालाय एवढं सांगतो. वेळ जास्त घेतला, कुणाचं गुपित फोडलं, कुणाला लागेल असं बोललो, ते सगळं पदरात घ्या. गाण्यात सूर कमी-जास्त झाला तर तोही माफ करा. पण एक ग्वाही देतो, आज या मंचावर कुणीही नुसते ओठ हलवणार नाही.

बाई, पेटीकडे जाऊ नका. इकडे या, दुसऱ्या रांगेत, माझ्या आणि टेलर मास्तरांच्या मधे जागा ठेवली आहे.

सिस्टर, सूर द्या.